अहो आजी, दार उघडा

मांडवगण फराटा
सोमवार, ३० डिसेंबर २०२४

विहीणबाई,

पयली कोण आली म्हणाल, तर शेजारची ताईबाई. हाताला कणीक तशीच. मी मेले का जित्ती हाय ते बघाया आलती. जित्ती दिसल्यावर तिचं तोंड जरा पडलं, पण बसली. मग सरपंच आला. मग सरपंचाला पाडाया निघालेला आला. तीन वर्सांत सोसायटीच्या मीटिंगला एकत्र बसले न्हाईत, ते दोघं माझ्या एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून! चोरी व्हावी ती अशी. दोन दिस चहाचं आधण उतरलं न्हाई.

हे फोनवर सांगितलं आसतं. पण फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई, आन् मी वरडून बोलले की सगळ्या आळीला ऐकू जातं. त्यात आता माझा बाळासो म्हणतो, केसचं फोनवर बोलायचंच न्हाई. म्हणून प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेलं भाएर काढलं. तिथल्या बाई म्हणायच्या, सोजराबाई, तुमचं अक्षर म्हंजी चराया सोडलेल्या म्हशी. चरू द्या. संध्याकाळी घरला आल्या म्हंजी झालं.

तर मार्गशीर्षातला शेवटचा गुरवार. तुमाला ठावं हाय, माझं सोनं वरीसभर बँकेच्या लॉकरात. उद्यापनाच्या गुरवारी तेवढं भाएर निघतं. बोरमाळ आन् पाटल्या महालक्ष्मीच्या कलशाला घालते, संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बाया बघून जळत्यात, आन् दुसऱ्या दिशी बाळासो परत नेऊन ठिवतो. बायांना वाटतं सोनं वरीसभर घरातच आसतं, लॉकरचं घरच्यांबिगर कुणाला ठावं न्हाई.

दुपारी मी एकली. पूजा झालती. भाएरनं हाक आली, "अहो आजी, दार उघडा."

आवाज सुदर्शनचा. माझ्या सविताचा ल्योक आन् तुमच्या धाकट्याचा, म्हंजी जेवढा तुमचा नातू तेवढाच माझा. पण जन्मात त्या पोरानं मला अहो केलं न्हाई. "ए आजे, मेलीस का आत?" ही त्येची हाक. मला वाटलं, पिकअप घेतल्यापून पोरगं सुधारलं, तुमच्या खुटबावचं वळण लागलं. दार उघडलं. म्होरं सुदर्शन, तोंड पांढरंफटक. मागं एकजण, तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी, आन् हातातला कोयता आपल्या पोराच्या मानंला. कॉलरीवर रगताचा थेंब.

तोंडबांध्या मात्र लई संस्कारी हां. बूट भाएर काढले. एका हातानं कोयता धरून एका हातानं बूट काढून बघा, म्हंजी कळंल. आत येऊन कलशाला नमस्कार केला, मग त्याच कलशाच्या गळ्यातलं काढून खिशात घातलं. जाताना कोयता बगलंत धरला आन् माझ्या पाया पडला! दोनी हात पायाला, मग डोळ्याला, मग कपाळाला. माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं, "औक्षवंत व्हा." चोराला औक्ष दिलं, विहीणबाई. ताईबाई म्हणती परत घे. आता दिलेलं परत कसं घ्यायचं?

बाळासोनं ठाण्यात जाऊन भाच्याचं नाव दिलं, म्हणला चोर त्येनंच आणला. मामा हाय का कंस हाय! मी घातल्या शिव्या, पण पोलीस तवर पोराला घेऊन गेलते.

सविताला म्हणावं, जेवत जा.

सोजरा


खुटबाव, ता. दौंड
६ जानेवारी २०२५

विहीणबाईंना कस्तुराबाईचा नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. आमच्या घरात सुतक पडल्यासारखे झाले आहे आणि तुम्ही सतरंजीवर कोण बसले ते लिहिता. आमच्या सात पिढ्यांत कोणी कोठडी पाहिली नव्हती. गावात वर मान करून चालता येत नाही.

नशीब आमचे की थोरल्याचा पृथ्वीराज घरात आहे. सुदर्शन त्याचा चुलत भाऊ, पण सख्ख्यासारखी धावपळ करतो आहे. दौंडचा नामांकित वकील त्यानेच दिला. एक तारखेला त्याचा वाढदिवस होता, तोही त्याने साधेपणाने केला. वरवंडच्या चौकात एकच फ्लेक्स लावला, 'भावी उपसरपंच' म्हणून. केक कोयत्याने कापला, हल्लीच्या मुलांत तशी पद्धत आहे. नवीन चेन केली आहे, ती त्याला शोभून दिसते. दुःखात माणसाने किती दिवस बसायचे?

आता कामाचे लिहिते. गुन्हा जबरी चोरीचा लागला आहे. सुदर्शन पोलिसांना म्हणाला, रस्त्यात अनोळखी माणसाने गाडी अडवली आणि कोयता लावून आजीच्या दारात नेले. त्यापलीकडे तो एक शब्द बोलत नाही. वकील म्हणतात, कायद्यात यावर लोहाराची गोष्टच दिली आहे. दरोडेखोरांनी लोहाराला धरले, जीव घेण्याची भीती घातली आणि त्याच्याच हत्यारांनी दुसऱ्याचे दार फोडायला लावले, तर लोहार सुटतो. पण भीती त्याच क्षणी मरण्याची हवी. नुसत्या माराची चालत नाही. तेव्हा तुम्ही कोर्टात एवढेच सांगायचे, की कोयत्याची धार मानेला होती आणि सुदर्शनने ऐकले नसते तर तो तिथेच मेला असता. 'मारले असते' असे म्हणू नका. 'मेला असता' म्हणा.

बाकीचे फाटे फोडू नयेत. तुम्हाला बोलायची सवय आहे म्हणून लिहिले.

आपली,
कस्तुराबाई


मांडवगण फराटा
१९ जानेवारी २०२५

विहीणबाई,

तिळगूळ घ्या, गोड बोला. पाकिटात घातलेत. फुटले आसतील तर चुरा खावा, चव तीच.

तुमचा नामांकित वकील येऊन गेला. काळा कोट, पायात पांढरे बूट, आन् बोलणं आसं की म्हशीला इंजेक्शन देताना डॉक्टर बोलतो तसं. "घाबरायचं नाही हां आजी." म्हणलं, बाबा, कोयता बघून घाबरले न्हाई, तुज्या कोटाला काय घाबरू? लोहाराची गोष्ट त्येनं मलाबी सांगितली. मला पटली. आमचं दार घणानं उघडत न्हाई, नातवाच्या हाकंनं उघडतं. म्हंजी सुदर्शन आमचा लोहार.

पण ही गोष्ट त्येनं सतरंजीवर चारचौघांत सांगितली ना, तिथं घात झाला. आता गावात उठसूट ज्येच्या त्येच्या मानंला कोयता. सरपंच म्हणतो, मागल्या साली पॅनल बदललं ते दबावाखाली. त्येचा वैरी म्हणतो, मी सरपंचाला मत दिलं ते जीव जायच्या भीतीनं. ताईबाईच्या सुनंच्या हातनं आमटी खारट झाली, ती म्हणती सासूच्या दबावात मीठ दोनदा पडलं. ताईबाई म्हणली, कलम न्हाई लागत, मी तिला नुसतं मारायचं बोलले हुते.

मग मीबी वकिलाला इचारलं. म्हणलं, साहेब, आमचे हे, देव त्यांना सुखात ठेवो, हातात वहाण घेऊन माझ्याकडनं काय काय करून घ्यायचे. माहेरचं तोंड बघायचं न्हाई म्हणले, न्हाई बघितलं. भावावर खोटी फिर्याद कर म्हणले, अंगठा उठवला. ते कुठल्या कलमात बसतं? वकील म्हणला, आजी, तो माराचा धाक. जीव जायची भीती पायजे, तीबी त्याच घटकेला. म्हणलं, मग हा कायदा बाप्यांनीच लिवला आसणार. हळूहळू मारलेलं त्यात धरत न्हाईत.

आता दुसरं. मी वकिलाला म्हणलं, चोर पाया पडला तेबी सांगते. तर तो चहा पिता पिता दचकला. म्हणला, ते नको. कोयता बगलंत हुता म्हणलं की समोरचा इचारणार, तवा सुदर्शन पळाला का न्हाई? म्हणलं, पळंल कुठं? आजीला कोयतेवाल्यापाशी सोडून पळाला आसता तर मीच त्येच्या विरुद्ध साक्ष दिली आसती! पळाला न्हाई म्हणून तर तो माझा नातू. वकील म्हणला, तरीबी नको. चोराला आपण 'अज्ञात इसम' म्हणू. म्हणलं, इसम कसा का आसंना, पण अज्ञात माणूस दुसऱ्याच्या आजीच्या पाया पडतो व्हय? तर म्हणला, मला दौंडला लवकर पोचायचंय.

आन् विहीणबाई, एक गंमत. माझ्या पत्रातल्या सतरंजीलाबी तुमी उत्तर दिलंत. पाया पडल्याचं तेवढं गाळलंत. दोनी हात पायाला, मग डोळ्याला, मग कपाळाला. आमच्याकडं पोरं नुसतं वाकल्यासारखं करून पळत्यात. हे आसं निगुतीनं पडायला कुठल्या घरात शिकवत्यात बरं?

परवा वरवंडला लग्नाला गेलते, तवा फ्लेक्स बघितला. पृथ्वीराजची चेन खरंच लई जाड हाय, पार चौकाच्या पल्याडनं दिसती. तो एवढी धावपळ करतो, पण माझ्याकडं काय फिरकला न्हाई. त्येला म्हणावं, एकदा येऊन जा. पाया पडून जा.

सोजरा


खुटबाव
२७ जानेवारी २०२५

सोजराबाई,

तुमचे पत्र वाचून दोन दिवस अन्न गेले नाही.

भीतीत माणसाला काहीबाही दिसते. तुमचा एक डोळा ऑपरेशनचा आहे. पाया कोण कसा पडतो यावरून कोणाच्या घराण्याला बट्टा लावायचा नसतो. पाया पडणे हा गुन्हा नाही.

मी विचार केला आहे. ते लोहार वगैरे सगळे राहू द्या. तुम्ही एवढेच सांगा, की सुदर्शन एकटाच आला होता, मागे कोणी दिसले नाही. तो तुमचा नातू आहे, घरातले सोने घरातल्याने नेले, आमची तक्रार नाही, असे म्हणून टाका. झाली तरी थोडी शिक्षा होईल. सुदर्शन लहान आहे, निभावून नेईल. त्याला गाडी चालवायची आहे, गाडी कधीही चालवता येते. पृथ्वीराजची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यामागे गाव आहे, पुढे इलेक्शन आहे. एका घरात दोन मुलांची नावे खराब होण्यापेक्षा एकाचे झालेले बरे. तुम्ही शहाण्या आहात.

सविता अजून आमच्याच घरात नांदते आहे, हे विसरू नका. तिला उद्या काही बोलणी खावी लागली, घराबाहेर बसावे लागले, तर मला दोष देऊ नका.

पृथ्वीराज स्वतः येऊन तुम्हाला समजावून सांगणार आहे.

कस्तुराबाई


मांडवगण फराटा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

ह्या खेपंला पयली कोण आली? सविता. तुमचं पत्र पोचलं त्याच दिशी मी बाळासोला गाडी घेऊन पाठवला. भाच्याचं नाव देणारा कंस, भनीला आणायला मात्र झाला किसन. सविता आता माझ्याशेजारी शेंगा फोडतीय. परत कवा यायचं ते तिचं ती ठरवंल.

दुसऱ्या आल्या फौजदार मायाबाई. वर्दी न्हाई, साधा पंजाबी ड्रेस. लई गुणाची पोरगी, वाटाणे सोलायला बसली तर एक दाणा भाएर सांडत न्हाई. आता तुमाला खरं सांगते. पाया पडायची ती तऱ्हा मी ज्या दिशी बघितली त्याच दिशी वळखली हुती. सविताच्या लग्नात तुमी सगळ्या पोरांना रांगंत उभं करून माझ्या पाया पडायला लावलंत, ते मी कशी इसरंन? संक्रांतीच्या आधीच मायाबाईला म्हणलं, मला वाटतं तो थोरल्याचा पृथ्वीराज. ती म्हणली, आजी, वाटतं कोर्टात चालत न्हाई, वस्तू लागती. लेकरू आत आन् मी भाएर हसत बसले, ते काय सुखानं न्हाई. पण तुमी चेनीचं आन् केकाचं लिवलंत आन् वस्तू मला दिसल्या. मी तिला फ्लेक्सपुढं नेऊन उभं केलं. पुढं तिनं सराफाला गाठलं. सराफ म्हणला, पोरानं जुनी बोरमाळ आन् पाटल्या आणल्या, त्याचीच चेन केली.

तिसरा आला तुमचा पृथ्वीराज. ३० तारीख, गुरवारचीच दुपार. संगं वकील. मायाबाई आत वाटाणे सोलत बसलेली. आला, बूट भाएर काढले, महालक्ष्मीच्या फोटुला नमस्कार केला, आन् माझ्या पाया पडला. दोनी हात पायाला, मग डोळ्याला, मग कपाळाला. वळण म्हंजी वळण! ह्या खेपंला मी औक्ष दिलं न्हाई. म्हणलं, "आधीचं उरलंय, ते वापर."

तो हसला. म्हणला, "आजी, कोर्टात एवढंच म्हणा, सुदर्शन एकटा होता."

म्हणलं, "म्हणते की. आधी ती चेन जरा हातात दे, बोरमाळंचा वास येतो का बघते."

चेन काय देतोय! हातानं गळा झाकला आन् दाराकडं वळला, तर दारात मायाबाई, हातात वाटाण्याची पाटी. म्हणली, "बसा भावी उपसरपंच. तुमच्या घरी आमची माणसं गेलीत. केकचा कोयता सापडलाय. मुठीच्या दोरीला क्रीम वाळलीय आणि पात्यावर डाग आहे, तो केकचा नाही."

आता ऐका, विहीणबाई, कान देऊन ऐका. तुमचा वाघ मटकन खाली बसला आन् म्हणला, "मॅडम, माझ्यावर दबाव होता."

"कुणाचा?"

"कार्यकर्त्यांचा. फ्लेक्स छापून झाला होता. त्यात फोटोला कॉम्प्युटरवर चेन घातली होती. गळ्यात नसती तर काय तोंड दाखवायचं?"

मी वकिलाला म्हणलं, साहेब, लागतं का कलम? वकील म्हणला, नाही आजी, त्याच क्षणी मरणाची भीती पाहिजे. तर पृथ्वीराज रडत रडत म्हणतो, "लाजेनं तिथंच मेलो असतो की ओ!"

सविता एवढ्या दुःखात पदर तोंडाला लावून हसली. वकिलाला मायाबाईनं इचारलं, तुमी आता दोघांपैकी कुणाचे वकील? तो म्हणला, ते मला जरा घरी जाऊन बघावं लागंल. सुदर्शनला आता बाळासोनं शिरूरचा दुसरा वकील दिलाय.

पृथ्वीराज आत गेला तवा कुठं सुदर्शननं तोंड उघडलं. गप का हुता ठावं हाय? थोरल्या भावानं दम भरलावता, 'नाव घेतलंस तर तुझी आई आमच्याच घरात हाय.' आन् तुमी मला काय लिवलंत? 'सविता आमच्याच घरात नांदते आहे.' शब्द तेच. पाया पडायला तुमीच शिकवलंत, ह्ये पण तुमीच शिकवलंत का तो घरात बघून शिकला, ते तुमचं तुमी बघा.

मी मायाबाईला इचारलं, माझ्या लेकीला कुणी भाएर काढायची भीती घातली आन् मी कोर्टात खोटं बोलले, तर मला लोहाराची सूट मिळंल का? ती म्हणली, न्हाई आजी, त्यात कोण मरत न्हाई. मग काय करणार, विहीणबाई! कायद्यानंच मला खरं बोलायला लावलं. माझा नाइलाज झाला. तुमचं ते पत्र मात्र मी तिला दाखवलं न्हाई, चुलीत घातलं. तुमच्यावरबी दबाव हुताच, थोरल्या नातवाच्या मायेचा. त्येला कलम न्हाई, पण मी सूट दिली. एकदाच हां.

शुक्रवारी जामीन झाला, काल पोरगं घरी आलं. केस अजून चालायची हाय, न्हाई म्हणत न्हाई. पण साक्षीला मी हाय, आन् 'अहो आजी' का म्हणला तेबी त्येनं सांगितलं. म्हणला, "आजे, मला वाटलं अहो म्हणलं की तुला संशय येईल, तू दार उघडणार न्हाईस." मी मेली, सुधारला म्हणून खूश हुऊन उघडलं! आता म्हणलंय त्येला, माझ्याशी परत कवा नीट बोललास तर खबरदार.

काल मी आत चुलीपाशी हुते. दाराशी पिशवी आपटल्याचा आवाज झाला, आन् भाएरनं वरडला, "ए आजे, मेलीस का आत?"

विहीणबाई, मला उठताच आलं न्हाई. सवितानं दार उघडलं.

जेवला, झोपला, आन् आज सकाळी बाळासोसंगं ठाण्यातनं पिकअप सोडवायच्या खटपटीला गेला. तिकडनं मामाच्या शेतावर चार दिस ऊस भरणार. मायाबाईंना चेनीबद्दल माझा जबाब घ्यायचाय, त्यांनी वाटाण्याची उसळ करून ठिवायला सांगितलंय. तुमालाबी यायचं आसंल तर या, सतरंजी मोठी हाय, आन् कुणी दबाव टाकणार न्हाई.

मायाबाई आन् सुदर्शन, दोघंबी येत्या गुरवारी परत येतो म्हणलेत.

सोजरा